कुस्तीला बैठक देणारा राजा

चैत्र लागला, रान मोकळे झाले, की आपल्या जळगाव-धुळ्याकडे गावोगावच्या यात्रा सुरू होतात. यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. वर्गणी गोळा होते, माती भुसभुशीत केली जाते, ढोल-हलगी कडाडते. आधी लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर सुटतात, मग शंभर-दोनशेच्या जोडी, आणि दिवस कलता कलता मानाची कुस्ती लागते. रात्री जेवताना आपलाच एखादा पोरगा हळूच विषय काढतो. मला पैलवान व्हायचंय, तालमीत घाला.

बापाला कौतुक वाटते आणि धास्तीही वाटते. खुराकाचा खर्च कोण करणार? हातपाय मोडला तर कोण बघणार? आणि तिशी-पस्तिशी उलटली, अंग उतरले, की पोट कशावर भरायचे? तिन्ही प्रश्न खरे आहेत. केळीचा भाव पडला किंवा कापूस पिवळा पडला की तेच प्रश्न आणखी टोचतात.

या प्रश्नांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने हात घातला होता. तो राजा होता. त्याला तुम्ही सगळे ओळखता, पण दुसऱ्या कामांसाठी. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे, राधानगरीचे धरण बांधायला घेणारे, प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारे. गावकामगारांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानातली कुलकर्णी वतने खालसा केली आणि पगारी तलाठी नेमले. म्हणजे पिढीजात दप्तराऐवजी नेमणुकीचा माणूस. हा विचार ध्यानात ठेवा, कारण कुस्तीतही त्यांनी जवळजवळ हेच केले.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. पाळण्यातले नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आई अगदी लहानपणी गेली. १७ मार्च १८८४ रोजी, दहावे वर्ष पुरे व्हायच्या आत, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. दोनच वर्षांनी वडीलही गेले. दत्तकाची गोष्ट आपल्याकडच्या लोकांना नवी नाही. शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली असाच दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. दोघेही गावातून उठून गादीवर गेले, आणि दोघांनीही गावाकडचे डोळे शेवटपर्यंत मिटू दिले नाहीत, असे माझे मत आहे.

शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली. अंगापिंडाने माणूस धिप्पाड, उमेदीच्या वयात व्यायाम आणि कुस्ती दोन्हींचा नाद. जोर-बैठका, घोडदौड, शिकार, सगळे केले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. बडोदे म्हणजे त्या काळी मल्लांचे मोठे ठाणे, तिथल्या राजांनी पैलवान पोसलेले. २ एप्रिल १८९४ रोजी शाहूंनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा वय वर्षे वीससुद्धा पुरते नव्हते.

आता बघा, माणसाला कुस्तीचा नाद आहे, अंगात ताकद आहे, पण राजा आहे. राजाने लंगोट लावून लोकांसमोर इनामाची कुस्ती धरायची म्हणजे अडचणच. त्याच्याशी मनापासून लढणार कोण? हरवले तर पंचाईत, हरलो तर लोक म्हणणार मुद्दाम पडला. तालमीत अंग घासायचे ते वेगळे, पण मैदानातला पैलवान होण्याचा दरवाजा त्यांना बंदच होता. मग त्यांनी कुस्तीच्या धंद्यात बाजूच्या दरवाज्याने प्रवेश केला. पैलवान पोसणारा, जोड लावणारा, मैदान बांधणारा आणि बाहेरून मल्ल बोलावणारा, ही सगळी कामे त्यांनी अंगावर घेतली. कुस्तीत लढणाऱ्याशिवाय दुसऱ्यांनाही जागा असते, हे त्यांच्याइतके कोणी दाखवून दिले नसेल.

धंदा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कोणाला रुचणार नाही. कुस्ती ही विद्या आहे, मारुतीची उपासना आहे, हे खरेच. पण ज्याच्या घरात दोन एकर कोरडवाहू आहे त्याच्या पोराला ती विद्या शिकायची तर तिच्यातून चार पैसे यायला हवेत. पहाटे चारला उठायचे, आखाडा उकरायचा, शेकड्यांनी जोर आणि बैठका मारायच्या, मग लढती करायच्या, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा तेच. असा गडी दिवसा रानात राबू शकत नाही. त्याला दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण लागते. घरातली एक म्हैस त्याच्यामागेच जाते. म्हणून जुन्या काळी पैलवान एकतर खात्यापित्या घरातला तरी असे, नाहीतर कोणा सरदार-इनामदाराच्या पदरी असे. गरिबाचे पोर गावच्या यात्रेत नारळ जिंकून तिथेच थांबत असे.

शाहू महाराजांनी मल्ल पदरी ठेवले आणि त्यांच्या खुराकाची सोय संस्थानच्या खर्चाने केली. आपल्या भाषेत सांगायचे तर आखाजीला आपण सालदार ठरवतो ना, तसे. वर्षाचे बांधलेले, खाणे-पिणे मालकाकडे, आणि काम एकच, मेहनत करायची. कोल्हापुरातल्या तालमींना त्यांनी हात दिला. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही नावे आजही कुस्तीवाल्यांच्या तोंडी आहेत. एका पेठेची तालीम दुसरीवर कुरघोडी करायला बघते, त्यातून पोरे तयार होतात. ही चढाओढ त्यांनी मुद्दाम जागती ठेवली. नुसता पैसा ओतून पैलवान होत नाही, शेजारच्या तालमीतला गडी आपल्याला लोळवील ही भीती लागते.

पण त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. आपल्या गावात आपणच शेर असतो. बाहेरचा तगडा मल्ल अंगावर आल्याशिवाय खरा कस लागत नाही. त्या काळी पंजाब आणि उत्तरेकडचे पैलवान हिंदुस्थानात अव्वल मानले जात. महाराजांनी त्यांना कोल्हापुरात बोलावले, ठेवून घेतले, आपल्या पोरांबरोबर मेहनतीला लावले. कोल्हापुरी गड्याने पंजाबी ताकद बघितली, पंजाब्याने इकडचे डाव बघितले. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बियाणे गावातच फिरत राहिले की कस उतरतो, बाहेरून चांगला वाण आणावा लागतो.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज विलायतेला गेले. नोकऱ्यांतल्या निम्म्या जागांचा तो हुकूम निघाला तेव्हा ते तिकडेच होते. या प्रवासात त्यांनी रोमचे जुने वर्तुळाकार मैदान पाहिले. हजारो वर्षांपूर्वीचे, पडझड झालेले, पण कुठेही बसा, मधले सगळे दिसावे अशी रचना. दुसऱ्या कोणी राजाने तसबीर आणली असती. यांनी मैदानच डोक्यात घालून आणले.

आपल्याकडे दंगलीत काय होते ते तुम्ही जाणताच. पुढचे उभे राहतात, मागचे ओरडतात, पोरे झाडावर चढतात, पत्र्यावर चढतात, शेवटी रेटारेटी होऊन लोक आखाड्यातच घुसतात आणि ऐन डावाच्या वेळी कुस्ती सोडवावी लागते. कोल्हापुरात तेव्हा वेगळे नव्हते. महाराजांनी १९०७ मध्ये खासबागेत मैदानाचे काम सुरू करून १९१२ मध्ये पुरे केले. मधोमध मातीचा हौदा, तो उंचावर, आणि भोवती थाळीच्या काठासारखी चढत गेलेली बसायची जागा. मध्ये एक खांब नाही. पंचवीस-तीस हजार माणूस बसते आणि शेवटच्या रांगेतल्याला सुद्धा पैलवानाचा पाय कुठे अडकला ते दिसते. त्या काळात कुस्तीसाठी एवढे पक्के मैदान बांधणे म्हणजे लोकांना वेडेपणाच वाटला असणार. धरणाचे काम चाललेले, गिरणी उभी राहिलेली, वसतिगृहांना पैसा लागतोय, आणि महाराज माती भरून घेतायत.

हिशेबी माणूस मात्र वेगळे बघतो. मैदान पक्के झाले की तारीख ठरवता येते. तारीख ठरली की लांबचा पैलवान येतो. लोकांना बसायची खात्री असली की ते गाडी जुंपून, बिऱ्हाड घेऊन येतात. मैदान नसेल तर कुस्ती हा योगायोग राहतो, मैदान असले की धंदा होतो. आठवड्याचा बाजार आणि पक्की बाजार समिती यात जो फरक, तोच.

खासबागेच्या मातीबद्दलही दोन शब्द. आखाड्याची माती म्हणजे शेतातली उचलून टाकलेली माती नव्हे. तांबडी, चाळलेली माती घ्यायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर मिसळायचा, रोज उकरायची, ओल राखायची. अंगाला चिकटली पाहिजे पण चिखल होता कामा नये, पडल्यावर हाड शाबूत राहिले पाहिजे. आपल्या यात्रांत हा खर्च वाचवतात आणि ढेकळांवर पोरे लढवतात. मग खांदे निखळतात. यात्रा कमिटीवाल्यांनो, बक्षिसातले थोडे कमी करा, पण मातीवर खर्च करा.

मैदानाच्या उद्घाटनाला कुस्ती लागली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्षने ती मारली. हा इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. त्याला बोलावण्यात महाराजांची जी नजर होती ती समजायला आपल्याला दोन वर्षे मागे, लंडनला जावे लागेल.

१९१० साली एका इंग्रज ठेकेदाराने गामा, इमामबक्ष आणि त्यांचे सोबती यांना लंडनला नेले होते. तिकडे कुस्ती हा तेव्हाच पक्का तिकिटाचा धंदा झालेला. नाटकगृहात आणि मोठ्या मैदानात लढती लागत, वर्तमानपत्रांत आव्हाने छापली जात, पैजेची रक्कम आधी जाहीर होई. गामाची उंची कमी म्हणून त्याला सुरुवातीला उभेच केले नाही. मग त्यानेच उघड आव्हान दिले. ८ ऑगस्टला अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला त्याने पाडले. १० सप्टेंबरला पोलंडचा झिबिस्को समोर आला. हा गडी सुरुवातीलाच मातीवर, म्हणजे तिथल्या गादीवर, पालथा पडला आणि अडीच तासांहून जास्त वेळ तसाच पडून राहिला. गामाला तो उलटवता आला नाही, त्याला उठायचे नव्हते. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा धरायची ठरली तर झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. त्याच मुक्कामात ५ सप्टेंबरला इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेम्मला झटपट चीत केले होते.

तर असा विलायत मारून आलेला मल्ल महाराजांनी नव्या मैदानात उतरवला. गावोगावच्या लोकांच्या कानावर त्याचे नाव आधीच गेलेले. पहिल्याच दिवशी मैदानाचे नाव देशभर झाले. आणखी एक बाब लोक विसरतात. मराठा छत्रपतीच्या मैदानाची पहिली कुस्ती दोन मुसलमान पैलवानांत लागली आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आखाड्यात लंगोट आणि माती, एवढीच जात.

निदान तशी असावी, असे महाराजांना वाटत होते. बाहेर परिस्थिती निराळी होती. अस्पृश्य मानलेल्या समाजातला पोरगा ताकदीने कितीही असो, त्याच्याशी अंगाला अंग लावायला बाकीचे तयार नसत, आणि कुस्तीत तर अंगाला अंग लावल्याशिवाय काहीच होत नाही. महाराजांनी या समाजांतले मल्ल पुढे आणले, त्यांना जाट, सरदार, पंडित अशी बिरुदे दिली आणि मैदानात उतरवले. नावामागची जात झाकली गेली, आणि लढत झाली. मला तरी वाटते, कायद्याच्या चार कलमांनी जे काम व्हायला दहा वर्षे लागतात ते एका निकाली कुस्तीने दहा मिनिटांत होते. अर्थात महाराजांनी कायदेही केलेच, बरं का. ते नुसते कुस्तीवर विसंबून राहिले नाहीत.

मैदानाला लागूनच त्यांनी नाटकगृह बांधले, १९१५ मध्ये ते पुरे झाले. पॅलेस थिएटर त्याचे नाव, पुढे ते गायक नट केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये या नाट्यगृहाला मोठी आग लागली, हे तुम्ही वाचले असेल. एका बाजूला नाटक, एका बाजूला कुस्ती, भिंतीला भिंत. बाहेरगावचा माणूस आला तर त्याला दोन्ही सापडावे.

आता आपल्या बापाच्या प्रश्नाकडे येऊ. पोराला पैलवान व्हायचे आहे. शंभर पोरे तालमीत जातात, मानाच्या कुस्तीपर्यंत दोन पोहोचतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचे काय? शाहू महाराजांच्या कोल्हापुराकडे बघितले की याचे थोडे उत्तर सापडते. एका मैदानाभोवती किती माणसे लागतात बघा. वस्ताद लागतो, आणि वस्ताद हा बहुधा मानाची कुस्ती हुकलेलाच असतो, कारण चुका त्याला जास्त कळतात. जोड लावणारा लागतो. ते काम वाटते तितके सोपे नाही. दोघांचे वजन, वय, मेहनत, मागच्या कुस्त्या, सगळे डोक्यात ठेवून जोड लावावी लागते. विषम जोड लावली की लोक उठून जातात, आणि दुबळ्या पोराचे हाड मोडते. पंच लागतो, डोळ्याने तीक्ष्ण आणि कोणाचा मिंधा नसलेला. मालिश करणारा, निखळलेला सांधा बसवणारा लागतो. माती राखणारा, हलगीवाला, पुढे ध्वनिक्षेपक आल्यावर निवेदन करणारा. कोणत्या गावचा, कोणत्या वस्तादाचा, कोणता डाव, कोणाची पकड, हे सगळे तोंडपाठ असणारा निवेदक आज पश्चिम महाराष्ट्रात यात्रेच्या हंगामात एका मैदानाहून दुसऱ्या मैदानाला जातो आणि त्यावर घर चालवतो. शिवाय दूधवाला, बदामवाला, फेटेवाला. एका नावाजलेल्या पैलवानामागे पाच-दहा घरांची चूल पेटते.

या कामांत शिरायचे कसे? तालमीत जाऊनच. ज्याने माती खाल्लेली नाही त्याला जोड लावता येत नाही आणि पंचाचे कामही जमत नाही. म्हणून पोराला तालमीत घालताना तो केसरी होईल अशी गणिते मांडू नका. दोन वर्षांत वस्तादाला कळते की पोरगं लढणारं आहे की शिकवणारं आहे. ते वस्तादाला स्पष्ट विचारा. आणि वही-पुस्तक सोडू देऊ नका. महाराजांनी एकीकडे तालमी पोसल्या आणि दुसरीकडे १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली, ते उगीच नाही.

धंद्याला जी कीड लागते तीही सांगितली पाहिजे. तिला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. दोघे आधी ठरवून येतात, धरसोड करतात, खोटी झुंज दाखवतात, शेवटी बरोबरीत सोडतात आणि इनाम वाटून घेतात. युरोप-अमेरिकेत पुढे सगळा तिकिटाचा धंदाच त्या वाटेने गेला, आज दूरदर्शन संचावर पोरे जी रंगीबेरंगी कपड्यांतली मारामारी बघतात ती ठरवलेलीच असते. तिकडे निदान बघणाऱ्याला ते ठाऊक असते. आपल्या यात्रेत मात्र वर्गणी देणाऱ्याला फसवले जाते. खासबागेची जी कीर्ती झाली ती निकाली कुस्तीमुळे, पाठ टेकेपर्यंत लढायचे या रिवाजामुळे.

६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराज गेले. वय अवघे सत्तेचाळीस. राधानगरीचे धरण अपुरे राहिले होते, ते १९५७ साली पुरे झाले. मैदान मात्र त्यांनी पुरे करून ठेवले होते.

ते गेल्यावर एक उणीव उघडी पडली. सगळा डोलारा राजाच्या खजिन्यावर होता. त्यांच्या मागच्या छत्रपतींनी कुस्तीला हात दिलाच, पण १९४९ च्या १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि देशभरातली संस्थाने गेली. पदरी असलेले पैलवान रस्त्यावर आले. जगज्जेता गामा फाळणीनंतर लाहोरला राहिला, आजारपणात हाल काढले आणि १९६० साली गेला. ज्याला राजाने पोसले त्याला राजा गेल्यावर कोण पोसणार?

उत्तर हळूहळू सापडत गेले, आणि ते बिगर-पैलवानांनी शोधले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे शेतकरी घराण्यातले खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला जाताना कोल्हापूरच्या छत्रपतींची मदत मिळाली. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्य काही मातीत उतरले नव्हते. पण त्या पदकात त्यांच्या घराच्या विटा आहेत.

१९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरीच्या लढती सुरू झाल्या. पहिली औरंगाबादला झाली. दुसरी कुठे? आपल्या धुळ्याला, १९६२ मध्ये, भगवान मोरे यांनी ती जिंकली. १९६६ ला हा मान जळगावला मिळाला. तिथे जिंकले दीनानाथ सिंह. उत्तर प्रदेशातून येऊन कोल्हापूरच्या तालमीत घडलेला हा मल्ल जळगावच्या मैदानात महाराष्ट्राचा केसरी झाला. उत्तरेचा गडी, कोल्हापूरची मेहनत, ही शाहू महाराजांनी घालून दिलेली वहिवाट तेव्हाही चालू होती. १९७७ ला चाळीसगावला स्पर्धा भरली, पण त्या साली निकाल लागला नाही.

चाळीसगावची ती उधारी पुढे फिटली. त्याच तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशा तीन स्पर्धा ओळीने मारल्या आणि ते ट्रिपल महाराष्ट्र केसरी झाले. खान्देशात कुस्ती नाही म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. राज्य शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षक नेमले. म्हणजे खुराकाचा आणि पस्तिशीनंतरचा प्रश्न आता राजाच्या मर्जीवर नाही, नेमणुकीच्या कागदावर सुटतो. कुलकर्ण्याच्या जागी तलाठी आला, तसेच हे.

तो कागद मिळवायचा तर काही गोष्टी सरपंच, पोलीस पाटील आणि तालमीच्या कारभाऱ्यांनी आधीच बघून ठेवल्या पाहिजेत. राज्यात २००५ पासून शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण गावच्या यात्रेत मिळालेली गदा तिथे चालत नाही, ती कितीही चांदीची असली तरी. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतले प्रमाणपत्र लागते, आणि त्याची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. शाळेत असतानाच पोराला शालेय कुस्ती स्पर्धेत उतरवा, म्हणजे कागद सुरुवातीपासून जमत जातात. या स्पर्धा गादीवर होतात, तेव्हा तालमीत मातीबरोबर गादीचाही सराव हवा. गावात व्यायामशाळा बांधायची किंवा साहित्य घ्यायचे असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात अनुदानाची योजना आहे. जागेचा उतारा, संस्थेची नोंदणी आणि ग्रामपंचायतीचा ठराव आधी तयार ठेवा आणि यात्रेच्या आधीच्या महिन्यात नव्हे, पावसाळ्यातच अर्ज घेऊन जा.